‘बिनडोक किड्या’च्या नाकाबद्दल थोडं सविस्तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ‘बिनकामाचं संशोधन’ म्हणून जो लेख आला होता त्यात एका मिलिमीटरभर कृमीला वास कसा येतो हे शोधण्यात लोक आयुष्यं घालवतात, असल्या बिनडोक किड्याच्या नाकाशी आपल्याला काय करायचंय, असं एक वाक्य होतं आणि ते वाचल्यापासून मला अजिबात राहवत नाहीये, म्हणून हे पत्र लिहितेय. लांब होणार आहे, दोन भागांत छापलंत तरी चालेल पण कृपया छापा, कारण तो लेख कॉलेजच्या मुलांनीही वाचलाय आणि त्यातली दोघं-तिघं मला येऊन विचारून गेली की मॅडम हे खरंच वायफळ आहे का.

मी मुंबईतल्या एका कॉलेजात झूलॉजीच्या लॅबमध्ये लॅब असिस्टंट आहे. माझ्याकडे डॉक्टरेट वगैरे नाही, बी.एस्सी. केलंय, बाकी जे शिकले ते प्लेटा (कृमी वाढवायच्या बशा) ओतताना आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून. पण ज्या प्राण्याबद्दल तुम्ही एका वाक्यात निकाल लावलात तो आमच्या इन्क्युबेटरमध्ये आहे, मी त्याला खाऊ घालते, त्याच्या प्लेटा बदलते, त्यामुळे त्याच्या बाजूने बोलायचा मला हक्क आहे असं मला वाटतं.

त्याचं नाव सीनोरॅब्डायटिस एलेगन्स, लॅबमध्ये सगळे सी. एलेगन्सच म्हणतात. पोटातले जंत आणि शेतातले निमॅटोड म्हणजे सूत्रकृमी ज्या घराण्यातले त्याच घराण्यातला हा, पण हा कुणाच्या पोटात राहत नाही, पिकाच्या वाटेला जात नाही, कुजलेल्या फळात आणि कंपोस्टमध्ये बॅक्टेरिया खाऊन राहतो. अंग पारदर्शक, आतली अंडी, आतडं, घशाचं धडधडणं सगळं बाहेरून दिसतं. 1963 मध्ये केंब्रिजला सिडनी ब्रेनर यांनी मुद्दाम हा प्राणी निवडला कारण त्यांना असा जीव हवा होता ज्याची संपूर्ण मज्जासंस्था एकेक पेशी करत मोजता येईल, आणि ती खरोखर मोजली गेली, 302 न्यूरॉन म्हणजे मज्जापेशी, प्रत्येक उभयलिंगी कृमीत तेवढेच आणि त्याच जागी. 1986 मध्ये व्हाइट, साउथगेट, थॉमसन आणि ब्रेनर यांनी ते 302 एकमेकांना कुठे कुठे जोडलेत याचा नकाशा छापला, तो पेपर साधारण 340 पानांचा आहे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे हजारो फोटो हाताने तपासून बनवलेला. 1998 मध्ये सगळा जीनोम, म्हणजे जीन्सचा पूर्ण संच, वाचून झालेला जगातला पहिला बहुपेशीय प्राणी हाच. आणि पैसे वाया जातात म्हणत असाल तर 2002, 2006, 2008 आणि 2024 अशी चार नोबेल या कृमीवरच्या कामाला मिळालीत, पूर्ण किंवा वाट्याने.

तर बिनडोक हा शब्द चुकीचा आहे, साहेब. त्याच्या घशाभोवती न्यूरॉनचं एक कडं असतं तोच त्याचा मेंदू. माणसाच्या मेंदूत 8,600 कोटी न्यूरॉन आहेत म्हणतात, त्यांचा हिशोब आपल्या नातवंडांच्या हयातीतही लागेल की नाही माहीत नाही, पण 302 चा लागू शकतो, आणि वास आल्यावर एखादा जीव ‘जाऊ की पळू’ हे कसं ठरवतो ते पेशीपासून शेपटीच्या हालचालीपर्यंत आजवर जितकं या कृमीत कळलंय तितकं फार थोड्या प्राण्यांत कळलंय.

डोळे नाहीत याला, कान नाहीत, हवेतली आणि पाण्यातली रसायनं हेच त्याचं जग. तोंडाच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक भोक असतं आणि प्रत्येक भोकामागे बारा न्यूरॉनचा जुडगा, त्यातल्या आठांची टोकं थेट त्या भोकातून बाहेर डोकावतात, ती मीठ वगैरे पाण्यात विरघळलेल्या गोष्टी चाखतात, आणि हवेतून येणारे वास ओळखणाऱ्या तीन पेशी जरा आत आवरणात दडलेल्या असतात, बारावी पेशी मुख्यतः तापमान बघते. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या रिसेप्टरची, म्हणजे वासाचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांची, साधारण 400 जीन्स चालू आहेत, या मिलिमीटरभर जिवाकडे रसायनं ओळखणाऱ्या रिसेप्टरची हजारावर जीन्स आहेत. निसर्गाने त्याच्या जीनोमचा केवढा मोठा हिस्सा नाकाला दिलाय बघा.

आता आमच्याकडे मुलं जो प्रयोग करतात तो सांगते, कारण तो बघितल्याशिवाय या विषयाची गोडी कळत नाही. पेट्री डिशमध्ये जेलीसारख्या अगारचा पातळ थर ओतलेला असतो. खालून मार्करने समोरासमोर दोन टिंबं काढायची. एका टिंबावर डायअसिटिलचा इवलासा थेंब ठेवायचा, इथेनॉलमध्ये हजारपट पातळ केलेला, आणि दुसऱ्या टिंबावर नुसतं इथेनॉल. डायअसिटिल म्हणजे लोण्याला जो लोण्याचा वास असतो तो ज्याच्यामुळे येतो ते द्रव्य, ताकात-लोण्यात बॅक्टेरियाच ते बनवतात, म्हणून बॅक्टेरिया खाणाऱ्याला त्याची ओढ असणं साहजिक आहे. मग कृमी बफरमध्ये दोनतीनदा धुऊन, अंगाला चिकटलेलं खाणं काढून, डिशच्या मधोमध सोडायचे आणि जास्तीचं पाणी टिश्यूच्या टोकाने टिपून घ्यायचं. पाणी सुकेपर्यंत ते एकाच जागी वळवळत राहतात. सुकलं की पांगायला लागतात, प्रत्येक जण अगारवर नागमोडी रेघ ओढत निघतो, काही सरळ जातात, काही मध्येच थांबून मागे सरकतात, अंगाचा वेटोळा करून डोकं शेपटीला लावतात आणि भलतीकडेच तोंड करून पुन्हा चालू पडतात. पहिली दहा मिनिटं बघणाऱ्याला यात काही अर्थ आहे असं वाटत नाही. तासाभराने बघावं तर लोण्याच्या टिंबाभोवती गर्दी जमलेली असते आणि इथेनॉलच्या बाजूला चारदोन चुकार. मग मोजायचं. लोण्याकडचे वजा समोरचे, भागिले दोन्हींची बेरीज, सगळे लोण्याकडे गेले तर उत्तर 1, अर्धे अर्धे तर शून्य, सगळे समोरच्या टिंबाकडे गेले तर उणे 1. रिसर्च लॅबमध्ये टिंबापाशी सोडियम अझाइड घालतात म्हणजे पोचलेला कृमी तिथेच थिजतो, पण ते विष आहे, मुलांच्या प्रॅक्टिकलला आम्ही ते वापरत नाही, वेळ झाली की डिश फ्रिजमध्ये ठेवतो, थंडीने कृमी जागच्या जागी मंदावतात आणि मोजायला सोपं जातं.

सोपा वाटतो ना प्रयोग? 1973 मध्ये सॅम्युअल वॉर्ड यांनी अशाच पद्धतीने अगारमध्ये मिठाचा उतार बनवून दाखवलं की कृमी मिठाकडे जातात आणि ज्यांच्या डोक्याची रचना बिघडलीय असे म्युटंट, म्हणजे जीन बिघडलेले कृमी, चुकतात. पण नेमकी कुठली पेशी काय ओळखते हे कळायला 1990 चं दशक उजाडावं लागलं, तेव्हा कॉर्नेलिया बार्गमन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी लेझरने एकेक न्यूरॉन जाळून बघितला. विचार करा, मिलिमीटरभर जिवंत प्राणी, त्याच्या डोक्यातली एकच पेशी नेमकी जाळायची, बाकीच्यांना धक्का नाही, आणि मग तो वाढून मोठा झाला की त्याला डिशमध्ये सोडून विचारायचं की बाबा तुला आता काय कळत नाहीये. त्यातून निघालं की एएसई नावाची पेशींची जोडी मिठासाठी मुख्य, एडब्ल्यूए लोण्याच्या वासासाठी, एडब्ल्यूसी बेंझाल्डिहाइडसाठी, म्हणजे कडू बदामाचा जो वास आइस्क्रीमच्या इसेन्सला असतो त्यासाठी, आणि एडब्ल्यूबी मात्र नकोशा वासांसाठी, ती पेशी चेतवली की कृमी मागे फिरतो.

आणि आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यात जास्त आवडतं, ते मुलांना सांगताना मी हातातलं काम बाजूला ठेवते. 1996 मध्ये बार्गमन यांच्या लॅबने लोण्याचा वास पकडणारा रिसेप्टर शोधला, त्याचं जीन ओडीआर-10. ते बिघडलेल्या कृमीला बाकीचे वास येतात, फक्त लोण्याचा येत नाही. हा रिसेप्टर एडब्ल्यूए या आवडीच्या पेशीत असतो. मग पुढच्या वर्षी एमिली ट्रोमेल, ब्रूस किमेल आणि बार्गमन यांनी काय केलं तर ज्या कृमीकडे तो रिसेप्टर नाही अशा कृमीत तोच रिसेप्टर फक्त एडब्ल्यूबी मध्ये, म्हणजे नावडीच्या पेशीत, बसवला. वास तोच, रिसेप्टर तोच, फक्त पेशी बदलली. तो कृमी लोण्याच्या वासापासून पळायला लागला!

म्हणजे बघा, लोणी चांगलं की वाईट हे लोण्यात लिहिलेलं नाही आणि रिसेप्टरमध्येही लिहिलेलं नाही. ते कोणत्या पेशीने निरोप दिला यावर ठरतं, कारण त्या पेशीच्या पुढच्या तारा एकतर ‘चल पुढे’ला जोडलेल्या आहेत नाहीतर ‘फिर मागे’ला. एखाद्या गोष्टीची ओढ वाटणं किंवा किळस येणं हा प्रश्न आपण हजारो वर्षं तत्त्वज्ञानात चघळतोय आणि त्याचं एक छोटंसं पण पक्कं उत्तर 302 न्यूरॉनच्या जिवाने दिलंय. हे बिनकामाचं? मला खरंच कळत नाही की हे वाचून कुणाला शहारा कसा येत नाही.

बरं, वास आला हे कळलं तरी तो कुठल्या दिशेने येतोय हे कसं कळतं? आपल्याला वाटेल डाव्या नाकपुडीत जास्त आला तर डावीकडे वळायचं. पण हा कृमी कुशीवर लोळत चालतो, त्याची एक नाकपुडी अगारकडे आणि दुसरी वर झाकणाकडे असते, त्यामुळे डावं-उजवं ताडून बघण्याचा प्रश्नच येत नाही. तो आत्ताचा वास मघाच्या वासाशी ताडून बघतो. घरात मोबाइलची रेंज शोधताना आपण चार पावलं जातो, कांड्या वाढल्या तर तसंच पुढे, कमी झाल्या की वळतो, अगदी तसं. वास वाढत असेल तर कृमी सरळ चालत राहतो, कमी व्हायला लागला की ते वेटोळं करून नवी दिशा धरतो, ती दिशा बरोबर असेलच असं नाही पण चुकीची असेल तर लवकरच पुन्हा वळतो, आणि असं करत करत पोचतो. ही गोष्ट 1999 मध्ये शॉन लॉकरी यांच्या टीमने कृमींच्या वाटा नोंदवून दाखवली आणि 2009 मध्ये जपानच्या ईनो आणि योशिदा यांनी दाखवलं की याच्या जोडीला तो चालता चालता डोकं हलवत हळूच वाक घेऊनही दिशा सुधारतो, म्हणजे दोन्ही युक्त्या आहेत त्याच्याकडे. मिठाच्या बाबतीत तर कामाची वाटणीच आहे, डावी एएसई पेशी मीठ वाढलं की बोलते आणि उजवी एएसई कमी झालं की बोलते, 2008 मध्ये हे सिद्ध झालं. डिशमध्ये दहा मिनिटं जो गोंधळ दिसत होता तो गोंधळ नव्हताच.

शिवाय त्याची आवड दगडावरची रेघ नाही. जेवण असताना मिठात वाढलेला कृमी मिठाकडे धावतो, पण त्यालाच मिठात उपाशी ठेवा, काही तासांनी तो मीठ टाळायला लागतो, कारण मीठ आणि उपासमार यांची त्याच्या डोक्यात सांगड बसली. बेंझाल्डिहाइडमध्ये बराच वेळ ठेवला तर त्या वासाकडे जाणं सोडतो पण बाकीच्या वासांकडे नेहमीसारखा जातो. वास फारच उग्र केला तर पातळ असताना आवडणारं आयसोअमाइल अल्कोहोलसुद्धा त्याला नकोसं होतं. आणि सुडोमोनास एरुजिनोसा, जो हॉस्पिटलमध्ये जखमा चिघळवतो तोच बॅक्टेरिया, तो खाऊन कृमी आजारी पडला की नंतर त्याच्या वासापासून लांब राहायला शिकतो, 2005 मध्ये युन झँग, हँग लू आणि बार्गमन यांनी हे दाखवलं आणि यात सेरोटोनिनचा, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचा, हात असतो हेही दाखवलं. शिळं खाऊन एकदा पोट बिघडलं की त्या पदार्थाच्या वासानेही आपल्याला मळमळतं, आपल्यातही त्या कामात सेरोटोनिन आहेच.

मुंबईकरांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट. जूनमध्ये पहिली सर आली की मातीचा जो वास येतो, ज्याच्यासाठी आपण खिडक्या उघडून उभे राहतो, त्यातलं मुख्य द्रव्य जिओस्मिन, ते जमिनीतले स्ट्रेप्टोमायसीस बॅक्टेरिया बनवतात. हेच बॅक्टेरिया कृमीला घातक विषंही बनवतात. 2022 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की जिओस्मिन स्वतः विषारी नाही पण त्याचा सुगावा लागला की सी. एलेगन्सची चाल बदलते आणि तो त्या बॅक्टेरियाला खायला जाणं टाळतो. म्हणजे आपल्याला जो वास आला की बरं वाटतं तो त्या कृमीसाठी धोक्याची पाटी आहे, आणि ती पाटी चाखतं कोण तर परत तीच एएसई पेशी.

तुमच्या लेखात ‘सामान्य माणसाला उपयोग काय’ असंही विचारलंय. मुंबईत राहणाऱ्या निम्म्या लोकांचं गाव कुठेतरी आहेच, त्यांनी गावाकडे फोन करून विचारावं. डाळिंब, टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांना गाठी करणारा निमॅटोड शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे, पॉलीहाउसवाल्यांना तर विचारूच नका. अंड्यातून निघालेलं त्याचं पिल्लू मातीच्या अंधारात मूळ शोधतं ते मुळातून पाझरणारी द्रव्यं आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या मागावर, खाण्याचा साठा संपायच्या आत मूळ सापडलं नाही तर मरतं. त्याचं नाक चुकवता आलं तर औषध फवारण्याचा खर्च वाचेल, या दिशेने लोक काम करतायत आणि त्या कामाला पाया आहे तो या निरुपद्रवी कृमीवर झालेल्या अभ्यासाचा. उलट बाजूने बघा, उसातल्या हुमणी अळीवर जे मित्र निमॅटोड सोडतात ते मातीत अळीचा माग काढत जातात, तिच्या अंगात शिरतात, पोटातले बॅक्टेरिया सोडतात आणि दोनेक दिवसांत अळी मरते. त्यातली हेटेरोरॅब्डायटिस इंडिका ही जात तर कोइमतूरला सापडलेली, आपल्याकडचीच. आणि मक्याचं ऐका, मुळं कुरतडली गेली की मका कॅरिओफायलिन नावाचा वास जमिनीत सोडतो, काळी मिरी आणि लवंगेत असतो तोच, आणि त्या वासावर असे मित्र निमॅटोड धावून येतात, 2005 मध्ये युरोपातल्या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं आणि हेही दाखवलं की अमेरिकेतल्या बहुतेक मक्याच्या वाणांनी हा वास सोडणंच गमावलंय. वाण तयार करताना उत्पादन बघितलं, मुळाचा वास कोण बघणार.

माणसांत शिरणाऱ्या कृमींचंही तेच. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत अनवाणी पायातून शिरतो, त्याच्या अळ्यांना माणसाच्या कातडीतल्या युरोकॅनिक आम्लाची ओढ असते, तळपायाच्या कातडीत ते भरपूर असतं. दरवर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळांमधून जंतनाशक गोळ्या देतात त्या हव्यातच, पण जंताला माणूस सापडतो कसा हे कळणं तितकंच मोलाचं आहे असं मला वाटतं.

कॅन्सरचं मात्र जपून. जपानमधल्या एका टीमने 2015 मध्ये लिहिलं की सी. एलेगन्स कॅन्सर पेशंटच्या लघवीच्या वासाकडे जातो आणि निरोगी माणसाच्या लघवीपासून लांब राहतो, त्यावर तिकडे चाचणीही विकायला आली, आणि त्याचे मेसेज आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्या चाचणीच्या अचूकतेवर तिकडच्या डॉक्टरांनीच प्रश्न उभे केलेत. तेव्हा कुणी असला मेसेज पाठवला तर त्यावर विसंबून आपली मॅमोग्राफी किंवा डॉक्टरने सांगितलेली तपासणी टाळू नये. मी या कृमीची कितीही बाजू घेत असले तरी जे पक्कं नाही ते पक्कं म्हणून सांगणार नाही.

आता माझी मागणी, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहिलं. 2014 मध्ये यूजीसीने झूलॉजीच्या कोर्समधलं डिसेक्शन बंद केलं, ते योग्यच झालं, बेडूक-उंदीर वाचले. पण त्याच्या जागी बऱ्याच ठिकाणी चार्ट, मॉडेल आणि कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ आले. मुलं झूलॉजीची डिग्री घेऊन बाहेर पडतात आणि जिवंत प्राण्याने आपल्यासमोर काही ठरवलेलं त्यांनी बघितलेलंच नसतं. बरणीत फॉर्मलिनमध्ये पडलेला पांढराफटक ॲस्केरिस जंत बघून कुणाला प्राणिशास्त्राचं प्रेम लागणार? या कृमीचा वासाचा प्रयोग प्रत्येक कॉलेजात आणि जमेल तिथे नववी-दहावीच्या शाळेत व्हायला हवा. कुणाला इजा नाही, कापाकापी नाही, एका तासात निकाल, मोजायला गणित, आणि निकाल दर वेळी थोडा वेगळा येतो म्हणून वाद घालायला जागा. आमच्याकडे एका मुलीने लोण्याऐवजी व्हिनेगर ठेवून बघू म्हणून हट्ट धरला, कृमी त्या बाजूला फिरकलेच नाहीत, आणि मग सगळ्या बॅचला लिंबू, कांदा, हिंग काय काय ठेवून बघायचं होतं, त्यांना घरी पाठवणं अवघड झालं होतं.

खर्चाची भीती वाटत असेल तर सांगते. लागतं काय, साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप, जो बहुतेक कॉलेजांत कपाटात पडून असतो, पेट्री डिश, अगार, काचेच्या कांडीला लावलेली प्लॅटिनमची बारीक तार कृमी उचलायला, आणि खाऊ म्हणून ई. कोलाय बॅक्टेरियाचा ओपी50 हा निरुपद्रवी वाण. ऑटोक्लेव्ह (वाफेने जंतू मारायचं यंत्र) नसेल तर प्रेशर कुकर चालतो. मूळ कृमी एकदाच मिळवावे लागतात, मिनेसोटा विद्यापीठात त्यांचं केंद्र आहे तिथून जगभर जातात, पण आपल्याला एवढ्या लांब जायची गरज नाही, कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत या कृमीवर वर्षानुवर्षं काम चालू आहे आणि देशात इतरही लॅब आहेत, शिक्षकांनी रीतसर पत्र लिहून विचारावं. एक कृमी स्वतःच स्वतःला फलित करून तीनशेच्या आसपास अंडी घालतो आणि अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला 20 अंशांवर साधारण तीन दिवस, त्यामुळे एक प्लेट मिळाली की संपत नाही. आणि ज्यांना परदेशी पाहुणा नको असेल त्यांच्यासाठी, याचा जवळचा भाऊबंद सी. ब्रिग्सी, ज्याचा जीनोम 2003 मध्ये वाचला गेला, त्याचा जगभर वापरला जाणारा वाण अहमदाबादला सापडलेला आहे.

अडचणी मुंबईच्या आहेत त्या सांगून ठेवते म्हणजे कुणी सुरू करून मध्येच सोडणार नाही. पहिली उष्णता. याला 15 ते 25 अंश मानवतं, 27 च्या वर गेलं की पिल्लं होणं घटत जातं, आणि आपल्याकडे मे महिन्यात लॅबचा एसी शनिवार-रविवार बंद ठेवतात, सोमवारी येऊन बघावं तर प्लेट ओस. कूलिंग असलेला इन्क्युबेटर नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात जेलपॅक ठेवून, आत थर्मामीटर टाकून, रोज पॅक बदलून निभावतं. दुसरी बुरशी. जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणामुळे प्लेटांवर काळीहिरवी बुरशी येते, तेव्हा प्लेटा ओतून दोन दिवस झाकून तशाच ठेवायच्या, ज्यांच्यावर काही उगवलं नाही त्याच वापरायच्या, आणि कृमी उचलताना पंखा बंद. डायअसिटिलची मूळ बाटली मुलांच्या हातात अजिबात देऊ नका, तिची वाफ फुप्फुसाला वाईट, शिक्षकांनीच पातळ करून द्यावं. वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात टाकायच्या नाहीत.

सुट्टीत काय करायचं हाही प्रश्न येतो. त्याची सोय कृमीनेच करून ठेवलीय, आणि तीही वासानेच. प्लेटवर गर्दी वाढली की सगळ्यांच्या अंगातून निघणारी अस्कारोसाइड नावाची द्रव्यं साठतात, लहान पिल्लं ती हुंगून आणि खाणं किती उरलंय ते बघून ठरवतात की नेहमीसारखं वाढायचं नाही, आणि डॉअर नावाच्या अवस्थेत जातात, तोंड बंद, खाणं बंद, अंग बारीक, आणि असे ते महिनोन्‌महिने टिकतात. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीआधी एक भरलेली प्लेट पॅराफिल्मने सील करून थंड जागी ठेवायची, परत आल्यावर अगारचा एक तुकडा कापून ताज्या खाण्यावर उपडा टाकायचा. दुसऱ्या दिवशी हालचाल दिसते. पहिल्यांदा सुरू करणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत करावं, मुंबईत तेवढाच काळ कृमीला झेपतो आणि बुरशीही कमी असते, आणि ज्या शिक्षकांना प्लेट ओतण्यापासून शिकायचंय त्यांनी तुमच्यामार्फत मला कळवलं तर मी शनिवारी दुपारी येऊन दाखवायला तयार आहे.

आपली,
झूलॉजी विभागातली एक लॅब असिस्टंट,
मुलुंड